जिंकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं, गोदीपासून लालबाग-परळपर्यंत लोक रस्त्यावर आले, गोऱ्या सरकारने गोळ्या चालवल्या आणि दोन-तीन दिवसांत २०० च्या वर माणसं गेली. हे आपल्याला शाळेत थोडंफार शिकवलं जातं. जे कोणी शिकवत नाही ते असं की त्याच सुमारास, त्याच सरकारच्या खाकी युनिफॉर्ममध्ये, आपली मराठी पोरं जपानच्या कुरे बंदरात उतरत होती. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानवर कब्जा करणारी फौज म्हणून. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, जिच्या नामदेव जाधवांना एका वर्षापूर्वीच इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, ती २६८ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि ब्रिगेडियर होते थिमय्या, जे पुढे आपले आर्मी चीफ झाले. सोबत पंजाबी होते, गुरखे होते. १९४६ च्या शेवटाला तिथल्या कॉमनवेल्थ फौजेत ३७ हजारांच्या आसपास माणसं होती, त्यात साधारण १० हजारांहून जास्त भारतीय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. स्वतःचं गाव दुसऱ्याच्या ताब्यात असलेला माणूस तिसऱ्याच्या गावावर पहारा द्यायला जातो, तेव्हा त्याला काय दिसत असेल? आणि त्याच्याकडे बघणाऱ्या जपानी माणसाला काय दिसत असेल?

जपान म्हटलं की तिथल्या कब्जा फौजांचा अमेरिकन प्रमुख जनरल मॅकार्थर, टोकियो आणि अमेरिकन जीप एवढंच आठवतं. पण हिरोशिमा, ओकायामा, शिमाने, तोत्तोरी, यामागुची आणि अख्खं शिकोकु बेट हा पट्टा कॉमनवेल्थ फौजेकडे होता, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे आणि आपले. ओकायामा, शिमाने, तोत्तोरी इकडे आपल्या तुकड्या. ओकायामा २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं होतं, १,७०० च्या वर माणसं मेली होती, जुना किल्लासुद्धा राहिला नव्हता. आणि कुरे म्हणजे यामातो युद्धनौका जिथे बांधली ते गाव, हिरोशिमापासून पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे आपले जवान बोटीतून उतरले ते राखेतच उतरले.

उतरल्यावर त्यांना काय सांगितलं गेलं? कमांडर होते ऑस्ट्रेलियाचे जनरल नॉर्थकॉट, आणि त्यांची सूचना सरळ होती: जपान्यांशी औपचारिक वागा, नीट वागा, पण त्यांच्या घरात जाऊ नका, त्यांच्या कुटुंबात मिसळू नका, कामाबाहेरचा संबंध कमीत कमी ठेवा. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. लढाईनंतर जिंकणारे आणि हरलेले यांच्यात जी दरी पडते ती द्वेषामुळे पडते असं आपण धरून चालतो. द्वेष असतोच, त्या फौजेतल्या कित्येकांनी जपानी छावण्यांमधून हाडांचे सापळे होऊन आलेले आपले मित्र बघितले होते, तो राग खोटा नव्हता. पण द्वेष कमी व्हायला लागतो हो, माणूस समोर दिसला की सहा महिन्यांत कमी होतो. दरी मात्र टिकते, कारण ती बांधलेली असते. ऑर्डर काढून, कुंपण घालून, रेशन वेगळं करून.

टोकियोत तर ही बांधणी डोळ्यांनी दिसायची. गिंझातली चांगली दुकानं सैनिकांच्या कॅन्टीनसाठी घेतली, तिथे जपानी माणसाला प्रवेश नाही. रेल्वेला सैनिकांसाठी वेगळे डबे, बाहेरून पांढरा पट्टा मारलेले, ते अर्धे रिकामे जायचे आणि बाकीच्या गाडीला लोक खिडक्यांतून लोंबकळत, काचा फुटलेल्या, पाठीवर रताळ्याची पोती, कारण शहरात खायला नाही म्हणून लोक खेड्यात जाऊन किमोनो देऊन रताळी आणायचे. आणि ह्या सगळ्या फौजेचा खर्च, म्हणजे घरं, नोकरचाकर, कोळसा, फर्निचर, हा जपान सरकारने द्यायचा होता, सुरुवातीच्या काळात सरकारच्या नेहमीच्या बजेटचा साधारण तिसरा हिस्सा यात जायचा. उपाशी माणसाच्या खिशातून.

आता माझा खरा मुद्दा. ही दरी दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. हरलेल्याला जिंकणाऱ्याची खडान्‌खडा माहिती होती आणि जिंकणाऱ्याला हरलेल्याची जवळजवळ काहीच नव्हती. शरणागती झाली ऑगस्ट १९४५ मध्ये, आणि काही आठवड्यांतच टोकियोत ३२ पानांची एक छोटी पुस्तिका बाजारात आली, इंग्रजीत नमस्कार कसा करायचा, रस्ता कसा सांगायचा, असलं साधं साधं. तिच्या ३५ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. कागद मिळत नव्हता त्या दिवसांत! १९४६ च्या फेब्रुवारीत रेडिओवर इंग्रजी संभाषणाचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला, घरंच्या घरं रेडिओपाशी बसून शिकायला लागली. कुठल्या साहेबाला कोणती सिगारेट लागते, कोण कशाने खूश होतो, कोण दारू प्यायल्यावर हात उचलतो, जीपचा आवाज कुठून आला की पोरांनी कुठे पळायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पोट त्यावर चालत होतं.

आणि पलीकडे? मॅकार्थर साडेपाच वर्षं जपानचा जवळजवळ राजा होता आणि त्याचा रस्ता ठरलेला, अमेरिकन दूतावासातल्या घरापासून दाइ-इची इन्शुरन्सच्या बिल्डिंगपर्यंत आणि परत. देश फिरून बघावा असं त्याला वाटलं नाही, भेटला तोही मोजक्या, वरच्या दर्जाच्या लोकांना. लोकांनी त्याला लाखो पत्रं लिहिली, कुणी आभाराची, कुणी तक्रारीची, कुणी नुसतंच मन मोकळं करायला. साध्या लोकांच्या पत्रव्यवहारावर फौजेची सेन्सॉरशिप होती, ती पत्रं फोडून वाचायला हजारो जपानी माणसं पगारावर ठेवलेली. म्हणजे माहिती गोळा होत होती ढिगाने. पण माहिती गोळा करणं आणि माणसाला ओळखणं यात फरक आहे ना.

सेन्सॉरशिपचं तर फारच विचित्र. वर्तमानपत्रात काय छापायचं नाही याची यादी होती आणि सेन्सॉरशिप आहे हेच छापायचं नाही हा तिच्यातला एक नियम. काळा बाजार, सैनिकांचं बायकांशी मिसळणं, उपासमारीचं 'वाढवून' केलेलं वर्णन, हे सगळं वर्ज्य. म्हणजे रस्त्यावर जे प्रत्येकाला दिसतंय ते कागदावर यायचं नाही. मग जिंकणाऱ्याला वाटतं सगळं शांत आहे. लोक वाकून नमस्कार करतायत, हसतायत, दगड मारत नाहीत, म्हणजे समाधानी असणार. शिष्टाचार म्हणजे संमती, असा त्यांनी अर्थ काढला आणि मला वाटतं कब्जा करणाऱ्या प्रत्येक फौजेची ही ठरलेली समजूत असते.

आत काय चाललं होतं ते एका माणसावरून कळतं. यामागुची योशितादा नावाचे टोकियोतले न्यायाधीश, वय ३३. काळ्या बाजारातून तांदूळ-रताळी घेणाऱ्या लोकांचे खटले त्यांच्यापुढे यायचे. रेशनवर जगणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळेच गुन्हेगार. त्यांनी ठरवलं की मी ज्या गोष्टीसाठी दुसऱ्याला शिक्षा देतो ती मी स्वतः करणार नाही. रेशनमधलं बरंचसं मुलांना द्यायचे, उरलं त्यावर जगायचे. ऑक्टोबर १९४७ मध्ये गेले, कुपोषणाने. मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, प्रत्येक जण आधी गप्प होतो. कायदा वरून आलेला, रेशनचा आकडा वरून आलेला, आणि तो खरा आहे की खोटा हे वर बसलेल्याला तपासून बघायची कधी गरजच पडत नाही, कारण त्याचं जेवण वेगळ्या किचनमधून येतं.

इथे मला साताऱ्याची आठवण येते, आणि ती ओढूनताणून नाही. जंगी पलटण जपानला गेली त्या काळात साताऱ्यात काय चालू होतं? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. १९४३ ते ४६ या काळात शेकडो गावांत इंग्रजांचं सरकार कागदावर आणि लोकांचं सरकार चावडीवर. न्यायनिवाडे, बाजारभाव, सावकाराला दम देणं, दारूबंदी, आणि तुफान सेना हे त्यांचं स्वयंसेवकांचं दल. नाना पाटलांवर बक्षीस लावलेलं, पोलीस गावोगाव फिरतायत, आणि त्यांना ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. का? कारण साहेबाला गावातलं काहीही कळत नव्हतं आणि गावाला साहेबाचं सगळं कळत होतं. कलेक्टर कधी निघाला, फौजदार कुणाच्या घरी जेवला, कुठला पाटील फितूर आहे. विचारलं की हात जोडायचे, 'जी साहेब, ठाऊक न्हाई साहेब'. तीच नम्रता. ओकायामात जे वाकून होत होतं ते कुंडल-वाळव्याकडे हात जोडून होत होतं.

आणि साताऱ्याच्या गावागावांतून तर पलटणीत भरती व्हायची. म्हणजे एका भावाने तुफान सैनिकाला कणगीमागे लपवलाय आणि दुसरा भाऊ जपानात कुंपणाच्या आतल्या बाजूला उभा आहे, असं घर तेव्हा असणारच. हे दोन्ही एकाच घरात, आणि त्या घराला त्यात काही विसंगत वाटत नसेल कदाचित, कारण एक पोट होतं आणि एक मन होतं.

आमच्या गावात एक तात्या होते, माझे चुलत आजोबा लागायचे, ते त्या फौजेत होते. मी लहान असताना ते खूप म्हातारे. इटली, इजिप्त यावर बोलायचे, जपान निघालं की आखडतं घ्यायचे. बर्फ किती पडायचं ते सांगायचे. आणि एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा, लंगराची, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराची: "लंगराच्या मागं पोरं उभी राह्यची. डबं घिऊन. मागायची न्हाईत, नुस्ती बघायची. आम्ही हवालदाराच्या नकळत रोटी टाकायचो." एकदा मी विचारलं, तात्या, तुम्ही त्यांच्या कुणाच्या घरी गेला होता का? तर म्हणाले, "जायाचं न्हवतं. हुकूम न्हवता." मग बऱ्याच वेळाने, "पर आमाला कळत हुतं."

त्यांना काय कळत होतं ते त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही आणि मला वाटतं मला तरी ते समजतं. दुष्काळात सरकारी बंगल्याच्या मागे डबा घेऊन उभं राहिलेलं पोर त्यांनी आधी पाहिलेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या मुलाने ते पाहिलं नसेल, मिडवेस्टच्या अमेरिकनने पाहिलं नसेल, त्याच्यासाठी ते फक्त गरीब जपानी पोर. तात्यांसाठी ते ओळखीचं होतं. म्हणजे त्या कुंपणाच्या आत जर कुणाला पलीकडचं वाचता येत होतं तर ते आपल्या लोकांना, आणि नेमकं त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण तेही त्या फौजेत खालच्या पायरीवरचेच. निर्णय घेणारे जनरल गोरे, थिमय्यांसारखा भारतीय ब्रिगेडियर हीच तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती.

हिरोशिमाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४७ मध्ये अमेरिकनांनी तिथे बॉम्बच्या परिणामांचा अभ्यास करायला एक संस्था काढली, पुढे हिजियामा टेकडीवर तिच्या लोखंडी अर्धगोल इमारती उभ्या राहिल्या, शहराच्या डोक्यावर. जीप यायची, वाचलेल्या माणसांना घेऊन जायची. रक्त घ्यायचे, फोटो काढायचे, वाढ झाली का म्हणून मुलांना मोजायचे, कुणी मेलं तर शवविच्छेदनासाठी देह मागायचे. आणि उपचार? उपचार करायचे नाहीत, हे धोरण होतं. उपचार दिले तर अपराध कबूल केल्यासारखं दिसेल ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक. त्यातले काही डॉक्टर मनाने चांगले होते, काहींना हे धोरण टोचत होतं, तेही खरं. पण कल्पना करा, तेरा-चौदा वर्षांची मुलगी, पाठ भाजलेली, टेबलावर उघडी उभी केलेली, परदेशी माणसं तिच्या भाषेत नसलेलं काहीतरी लिहून घेतायत आणि संध्याकाळी तिला तशीच घरी सोडतायत. शास्त्र म्हणून त्या अभ्यासातून जगाला रेडिएशनबद्दल खूप काही कळलं, आजही दवाखान्यात एक्स-रेच्या डोसचे जे हिशोब करतात त्यामागे ते आकडे आहेत. तरी त्या टेकडीचा राग त्या शहरात कित्येक दशकं राहिला आणि मला तो पूर्ण रास्त वाटतो.

आता कुणी म्हणेल, अहो पण जपानचं भलंच झालं ना. झालं, आणि मी ते नाकारत नाहीये. १० एप्रिल १९४६ ला जपानी बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि एका झटक्यात ३९ बायका निवडून आल्या. जमीनसुधारणा इतकी जोरात झाली की आपल्याकडे कूळकायद्याला जे अर्धवट जमलं ते तिथे काही वर्षांत झालं, कसेल त्याची जमीन. पण जरा जवळून बघा, यातलं टिकलं काय? ज्याच्यासाठी तिथले लोक आधीपासून झगडत होते ते. जमिनीचे आराखडे शेती खात्यातल्या जपानी अधिकाऱ्यांच्या टेबलावर लढाईच्या आधीपासून पडून होते. बायकांच्या मतासाठी इचिकावा फुसाए १९२० च्या दशकापासून भांडत होत्या.

आणि त्याच इचिकावा बाईंना १९४७ मध्ये कब्जा करणाऱ्या प्रशासनाने सार्वजनिक जीवनातून बाहेर काढलं! लढाईच्या काळात त्या सरकारी संघटनेत होत्या म्हणून. साडेतीन वर्षं बंदी. जिने आयुष्यभर मत मागितलं तिलाच बाजूला केलं, कारण यादीत तिचं नाव एका खान्यात बसत होतं आणि ती कोण आहे हे त्या खान्यात लिहिलेलं नव्हतं. १९५३ मध्ये त्या वरच्या सभागृहात निवडून आल्या, लोकांनी आपलं माणूस ओळखलं.

उलट बेआटे सिरोता बघा. २२ वर्षांची पोरगी, राज्यघटनेच्या मसुद्यावर काम करणाऱ्या अमेरिकन टीममध्ये. लग्नात नवरा-बायको समान असतील हे कलम तिच्या हातचं. ती टोकियोत वाढलेली, वडील तिथे पियानो शिकवायचे, जपानी घराघरांत ती लहानपणी खेळलेली, शेजारच्या बायकांची लग्नं कशी लावतात, सुनेला कसं वागवतात हे तिने स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं. त्या अख्ख्या टीममध्ये घरात जाऊन आलेली अशी माणसं किती होती? म्हणून मी म्हणतो, ती नॉर्थकॉट साहेबांची घरात जाऊ नका ही ऑर्डर साधी नव्हती. घरात गेल्याशिवाय देश कळत नाही.

कुंपण ओलांडणारे होतेच. माणसं आहेत, ओलांडणारच. कुरेच्या कॅम्पमध्ये काम करणारी एक मुलगी आणि एक ऑस्ट्रेलियन सैनिक, गॉर्डन पार्कर, प्रेमात पडले, लग्न केलं, मुली झाल्या आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार तिला देशात येऊ देईना. १९५२ मध्ये परवानगी मिळाली आणि चेरी पार्कर मेलबर्नला पोचली, पुढे तिच्यासारख्या साडेसहाशेच्या आसपास बायका गेल्या. त्यांचं निभावलं. ज्यांचं नाही निभावलं त्यांची पोरं मागे राहिली, निळ्या डोळ्यांची, कुरळ्या केसांची, शाळेत मार खाणारी, दोन्ही देशांच्या कागदांत नसलेली. सावादा मिकी नावाच्या श्रीमंत घरातल्या बाईने १९४८ मध्ये ओइसोला अशा मुलांसाठी आश्रम काढला. ह्या मुलांबद्दल लिहायलासुद्धा सेन्सॉरची आडकाठी होती. जी गोष्ट अस्तित्वातच नाही असं ठरवलंय तिला आई कशी असेल, शाळा कशी असेल.

१९५१ च्या एप्रिलमध्ये मॅकार्थर निघाला तेव्हा लाखो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, डोळे पुसत. त्याचं स्मारक करायचं चाललं होतं. महिन्याभरात त्याने अमेरिकेच्या सिनेटपुढे सांगितलं की आधुनिक सभ्यतेच्या मापाने जपानी लोक म्हणजे बारा वर्षांचं पोर. त्याच्या मते तो कौतुक करत होता, पोर शिकवलं तसं शिकतं असं त्याला म्हणायचं होतं. जपानमध्ये ते पेपरात आलं आणि स्मारकाचा विषय संपला. साडेपाच वर्षं ज्यांच्यात राहिला त्यांना काय लागेल हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि त्यांना मात्र त्याची कॉर्नकॉब, म्हणजे मक्याच्या कणसाची, पाइपसुद्धा पाठ होती.

आपली पलटण १९४७ मध्येच परत आली. ब्रिगेडमधल्या पंजाबी पलटणीची रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानला गेली, काल एका लंगरात जेवलेले आज दोन देशांचे. त्या गडबडीत जपानातलं ते वर्ष कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आपल्याकडे पानिपतावर लिहिलेलं कपाटं भरून आहे, आणि मराठी माणूस परक्या देशात कब्जेदार म्हणून उभा होता त्याबद्दल त्याच्या स्वतःच्या तोंडचं किती वाचलंय तुम्ही? ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या मुलाखती आहेत, त्यांच्या बायकांच्या आहेत, कुरेच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत.

म्हणून ही एक विनंती आहे, मनापासून. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, बेळगाव, कुठेही, तुमच्या घरात पलटणीतल्या आजोबा-पणजोबांची पेटी असेल तर ती उघडा. १९४६-४७ ची पत्रं, पोस्टकार्डं, ग्रुप फोटो, मागे जपानी अक्षरं असलेलं काहीही. फेकू नका, भंगारात देऊ नका, मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा आणि घरात ज्यांनी त्यांना बोलताना ऐकलंय अशी आत्या, मावशी, काकू असेल तर तिला बसवून विचारा, रेकॉर्ड करा. लढाईचं नका विचारू, ते सगळे सांगतात. तिथे काय खाल्लं, कुणाशी बोलले, काम करायला येणाऱ्या बायकांना काय म्हणून हाक मारायचे, कुणाच्या दारात कधी पाणी प्यायले का, ते विचारा. माझ्याकडे तात्यांची तेवढी दोन-चार वाक्यंच आहेत, आणि त्यांच्या लंगरात अजून शंभर-दीडशे जण जेवत होते.